विहीर, वाळू आणि ‘मी बघतो’



आजच्या चिंतनाला तीर्थावळीतला विहिरीचा प्रसंग घेतलाय. ज्ञानदेव आणि नामदेव तीर्थयात्रेत मारवाडच्या वाळवंटातून चाललेत. घशाला कोरड पडलेली. विहीर सापडते, पण पाणी पार तळाशी, आणि जवळ दोर नाही. ज्ञानदेव लघिमा सिद्धीनं खाली उतरतात, पाणी पिऊन वर येतात, नामदेवांना म्हणतात, तुम्हालाही आणून देतो. नामदेव नको म्हणतात. डोळे मिटून विठ्ठलाला हाक मारतात, आणि विहीर भरून काठावरून वाहू लागते.

मराठवाड्यातल्या माणसाला यातली तहान समजावून सांगावी लागत नाही. 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं. शिवाय नरसी नामदेव हे गाव 1999 पर्यंत आमच्याच परभणी जिल्ह्यात, त्यामुळं लहानपणी सेलूत कीर्तनात ही गोष्ट मी मॅच जिंकल्यासारखी ऐकायचो. भक्ती विजयी, योग पराभूत, विषय संपला!

परंपरा ही जागा बिकानेरजवळचं कोलायत मानते. दिवाळीला सेलूला आलो होतो, तिथूनच आम्ही दोघं गाडी काढून निघालो. जालना, इंदूर, अजमेर, नागौर. बायकोनं आईच्या हातच्या धपाट्यांचा डबा मांडीवर धरलेला, आणि दिसेल त्या उंटाला ती आमच्या एकेका नातेवाइकाचं नाव देत होती. (माझ्या मामांना दोन उंट मिळाले.) नागौरच्या पुढं झाडं विरळ होत गेली. खेजडीचं एखादं, मग नुसतं आभाळ.

बिकानेर सोडल्यावर फोटोसाठी मी गाडी रस्त्याखाली घेतली आणि चाक वाळूत रुतलं. ‘मी बघतो,’ म्हणालो. टायरमधली हवा कमी केली, फ्लोअर मॅट चाकाखाली सारले, रेंज नसताना व्हिडिओ शोधला. चाक आणखी खोल. अर्ध्या तासानं बायको शांतपणे रस्त्यावर जाऊन उभी राहिली आणि लांबच्या उंटगाडीला तिनं मोठ्यानं हाक मारली. चौघं आले, ढकललं, पाच मिनिटांत गाडी बाहेर. वर आम्हालाच चहा पाजला.

ती हसत होती. मला मात्र हसू येईना.

कारण, मंडळी, सुट्टी सहज मिळाली असं मी घरी सांगितलं होतं. खरं तर तीन आठवड्यांपूर्वी माझी नोकरी गेली होती. रोज रात्री ती झोपल्यावर मी अर्ज भरत होतो. तिथंही तेच, ‘मी बघतो.’

संध्याकाळी कोलायतच्या तळ्याच्या घाटावर बसलो. कपिलमुनींच्या मंदिरात आरती चालू होती. तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपण गोष्ट चुकीची ऐकत आलो. ज्ञानदेव हरले कुठं? ते तर मित्रासाठी पुन्हा खाली उतरायला तयार होते. पण उतरून आणलेलं पाणी ओंजळभरच येतं. हाक मारल्यावर आलेलं मात्र काठावरून वाहतं, वाटेनं जाणारा कुणीही प्यावं इतकं. आणि हाक मारायची तर आधी ‘मला जमत नाही’ हे मोठ्यानं म्हणावं लागतं. माझ्यासारख्या इंजिनिअरला सगळ्यात अवघड तेच!

तिला सांगितलं.

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, ‘नोकरीचं जाऊ दे. तीन आठवडे मला बाहेर ठेवलंस, त्याचा राग आहे.’ तो राग अजून पूर्ण गेलेला नाही, आणि तिचं बरोबर आहे. थोड्या वेळानं तिनं डबा उघडला, शेवटचा धपाटा अर्धा केला. ‘बाबांना माहितीये?’

नव्हतं. तिथूनच सेलूला फोन लावला. बाबा ऐकून घेऊन थोडं थांबले.

‘बरं. गाडीत पाणी भरून घेतलंय ना?’

राम कृष्ण हरी.