फळाचा दाता कोण?

यज्ञ आज आटोपतो आणि त्याचे स्वर्गरूपी फळ मात्र यजमानाला मरणोत्तर मिळावयाचे असते. मग क्रिया लोपल्यावर तिचे सामर्थ्य मधल्या काळात कोठे वसते, या शंकेचे उत्तर मीमांसकांनी 'अपूर्व' ही अदृष्ट शक्ती मानून दिले. माणसाने एकदाच केलेला संकल्प त्याच्या गैरहजेरीतही फळतो, हे ज्या ठिकाणी अदृष्टाचा आश्रय न घेता तपासता येते असे एक स्थळ मला पॉवरपीसी संगणकात आढळते.

1998 च्या आयमॅकपासून पुढच्या ॲपलच्या पॉवरपीसी यंत्रांत वीज येताच प्रथम जागी होते ती ओपन फर्मवेअर, जिचे प्रमाण 1994 साली आयईईई 1275 या क्रमांकाने ठरले आणि जिचा व्यवहार फोर्थ भाषेत चालतो. कारखान्यातून निघालेल्या यंत्रावर मॅक ओएसचा अंमल असतो. तो बदलून ओपनबीएसडी या दुसऱ्या कार्यप्रणालीकडे द्यावयाचा झाल्यास सुरुवातीलाच कमांड, ऑप्शन, ओ आणि एफ या चार कळा एकदम दाबून धराव्या लागतात. तेव्हा पांढऱ्या पडद्यावर काळ्या अक्षरांत शून्याचा अंक व त्यापुढे बाणाचे टोक उमटते आणि यंत्र हुकमाची वाट पाहू लागते. 'बूट-डिव्हाइस' या नावापुढे ओएफडब्ल्यूबूट या आरंभक आज्ञावलीचा ठावठिकाणा लिहावा, 'ऑटो-बूट?' यापुढे 'ट्रू' लिहावे, 'रीसेट-ऑल' म्हणावे, की ही सनद एनव्हीरॅम नामक, वीज गेली तरी शाबूत राहणाऱ्या स्मृतीत दाखल होते. त्यानंतर कोणीही, कितीही दिवसांनी कळ दाबली तरी कोणतीही पृच्छा न होता ओपनबीएसडी सुरू होते.

अपूर्वाच्या मूळ प्रश्नाकडे परत यायचे तर, ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात बादरायणांनी धर्मच फळ देतो हे मीमांसक जैमिनींचे मत नमूद करूनही फळ ईश्वरापासूनच मिळते असा निर्णय दिला, आणि शंकराचार्यांनी त्यावरील भाष्यात असे प्रतिपादिले की लाकडा-ढेकळासारखे अचेतन अपूर्व चेतनाच्या प्रेरणेवाचून प्रवृत्तच होणार नाही. एनव्हीरॅमही अचेतनच आहे, तरी फळ देते. परंतु तेथे लिहिलेल्या अक्षरांना अर्थ यावा अशी व्यवस्था ओपन फर्मवेअरच्या रचनाकारांनी पूर्वीच लावून ठेवली नसती, तर ती अक्षरे निष्फळच राहिली असती. म्हणून माझ्या मते आचार्यांचा युक्तिवाद येथे अर्धाच टिकतो: नियमाला चेतन नियंता हवा, पण प्रत्येक फलोदयाच्या क्षणी त्याने उपस्थित असलेच पाहिजे असे नाही. नियंता गैरहजर असताही फळ मिळत असेल, तर त्या फळाची जबाबदारी संकल्प करणाऱ्यावर अधिकच येते, कारण ती दुसऱ्या कोणाच्या हवाली करता येत नाही.

या संकल्पाला प्रायश्चित्ताची मुभा आहे, ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. यंत्र सुरू होताना कमांड, ऑप्शन, पी आणि आर या कळा दाबून धरल्या असता एनव्हीरॅममधील ही नोंद पुसली जाऊन मूळची व्यवस्था परत येते. लिनक्ससाठीच्या याबूट या आरंभकाने तर याहूनही उदार तरतूद केली: तो काही सेकंद थांबतो, 'एल' दाबल्यास लिनक्स व 'एक्स' दाबल्यास मॅक ओएस एक्स सुरू करतो, आणि कोणी काहीच न दाबले तर पूर्वी ठरविलेल्या मार्गाने जातो. पूर्वसंकल्पाचा मान राखूनही समोर बसलेल्या माणसाचे स्वातंत्र्य अबाधित ठेवणारी ही पद्धत मला निव्वळ स्वयंचलनापेक्षा श्रेष्ठ वाटते, आणि म्हणून ज्या यंत्रावर आपल्याखेरीज इतरही काम करतात, त्यावर याबूट बसविणाराने 'डिले' या नावापुढे शून्य लिहू नये.