शेवटचं कडवं

मामांच्या गाण्यांच्या वहीला आता पुठ्ठा उरलेला नाही. दोनशे पानी वही, शिवण उसवली तेव्हा दाभणानं सुतळी घालून शिवलेली. पानांचे खालचे कोपरे बोटांच्या तेलानं इतके मुरलेत की पलीकडचं अक्षर अलीकडून दिसतं. पूर्णा जंक्शनच्या आसपासच्या खेड्यांतून मामांची गायनपार्टी कित्येक वर्षं फिरली. एक पेटी, एक ढोलकी, एक खंजिरी आणि कोरसला तिघं. वहीतली बहुतेक गाणी वामनदादा कर्डकांची. प्रत्येक गाण्याचं शेवटचं कडवं लाल शाईनं लिहिलेलं आणि त्यात 'वामन' हा शब्द आला की त्याखाली रेघ. लहानपणी मी विचारलं होतं, ही रेघ कशासाठी? मामा म्हणाले, "इथं ढोलकी थांबली पाहिजे. लोकायला नाव ऐकू गेलं पाहिजे."

त्या रेघेचा अर्थ मला फार उशिरा कळला.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. शाळा नशिबात नव्हती. मुंबईला मजुरीला आले तेव्हा मोठे होते आणि निरक्षर होते. चाळीत कुणीतरी पत्र आणून दिलं, वाचून दाखव म्हणालं, आणि त्यांना वाचता येईना. ती लाज त्यांच्या जिवाला लागली. समता सैनिक दलातल्या देहलवी मास्तरांकडे त्यांनी अक्षरं गिरवली आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरांपर्यंत पोचले. १९४३ मध्ये पहिलं गाणं लिहिलं. त्याच सुमारास बाबासाहेब आंबेडकरांना प्रत्यक्ष पाहिलं आणि पुढची साठ वर्षं हा माणूस गात राहिला. 'वाटचाल', 'मोहळ' हे संग्रह पुढे छापले गेले, पण त्यांची हजारो गाणी आधी लोकांच्या तोंडी होती, मग वह्यांत, आणि सगळ्यात शेवटी छापखान्यात. १९९३ मध्ये वर्ध्याच्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. ज्याला एके काळी पत्र वाचता येत नव्हतं, त्याच्यासमोर लेखक-प्राध्यापक श्रोते म्हणून बसले. मला यात चमत्कार वाटत नाही. ज्यांना शाळेनं दाराबाहेर ठेवलं, त्यांच्यात असे किती वामन होते, या प्रश्नानं मात्र मी बेचैन होतो.

आता त्या शेवटच्या कडव्याकडे येतो. कवीनं शेवटी आपलं नाव गुंफायचं ही आपली जुनी रीत; त्या नावाला मुद्रा किंवा मुद्रिका म्हणतात. आमच्याच परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई ही त्यातली मोठी साक्ष. गोदाकाठची ही मुलगी पंढरपुरात नामदेवांच्या घरी दळणकांडण करत राहिली आणि अभंगाच्या शेवटी 'नामयाची जनी' म्हणून उभी राहिली. ती मुद्रा नसती, तर तिचे शब्द जात्यावरच्या ओव्यांत मिसळून गेले असते आणि ते कुणाचे हे कुणी विचारलंही नसतं. मराठवाड्यातल्या लाखो बायांनी पहाटे दळताना ओव्या रचल्या. त्यांतल्या किती जणींची नावं आपल्याला माहीत आहेत? हेमा रायरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून जास्त ओव्या टिपल्या, त्याआधी कितीतरी पिढ्या निनावी गेल्या. ज्याच्याकडे सातबारा नाही, छापखाना नाही, त्याच्याकडे मालकीचा एवढाच कागद असतो : शेवटच्या कडव्यातलं नाव.

वामनदादांच्याच आयुष्यात याचा उलटा पुरावाही आहे. १९५९ च्या 'सांगत्ये ऐका' या अनंत माने यांच्या चित्रपटात त्यांचं 'सांगा या वेडीला' हे गाणं आहे. चित्रपट तुफान चालला, गाणं घराघरात गेलं. पण चित्रपटाच्या गाण्यात मुद्रिका नसते. आज ते गाणं गुणगुणणाऱ्या दहा जणांना विचारा, कुणाचं आहे म्हणून. मी विचारून पाहिलंय. एकालाही सांगता आलं नाही. बाबासाहेबांवरची त्यांची भीमगीतं मात्र कुणाची, हे वस्तीतलं पोरगंही सांगतं, कारण नाव गाण्यातच शिवलेलं आहे.

सातासमुद्रापार ब्राझीलमध्येही हेच दुखणं. रिओच्या मांगेरा टेकडीवरचा कार्तोला हा सांबा रचणारा गरीब कलावंत. बांधकामावर सिमेंट केसांत पडू नये म्हणून तो टोपी घालायचा, त्यावरून हे नाव पडलं. पैशाच्या नडीला त्यानं आपली गाणी नामांकित गायकांना विकली. पुढे तो विस्मरणात गेला, गाड्या धुण्याचं काम करताना एका पत्रकाराला सापडला, आणि त्याच्या स्वतःच्या आवाजातली पहिली तबकडी निघाली १९७४ मध्ये, वयाच्या पासष्टाव्या वर्षी. आपल्याकडच्या शाहिराला निदान मुद्रिकेचा आधार होता.

आमच्या भागात ही गाणी करमणुकीची कधीच नव्हती. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. परभणी जिल्ह्यातल्या दलित वस्त्यांनीही ते भोगलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंतच्या त्या सोळा वर्षांत सभेला भाषण करणारा पोचो न पोचो, गायनपार्टी पोचत होती. मामा सांगायचे, भ्यालेली माणसं आधी ओट्याच्या कडेला बसायची, तिसऱ्या-चौथ्या गाण्याला कोरसमध्ये यायची. शेवटच्या कडव्याला ढोलकी थांबली की अख्खी वस्ती एका आवाजात 'वामन' म्हणायची. त्या एका क्षणात, मला वाटतं, प्रत्येक जण आपलंही नाव उच्चारत असे.

आता १४ एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, गावोगाव डीजे लागतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पोरांचा आनंद खरा आहे. पण त्यावर वाजणाऱ्या गाण्यांत ध्रुपद चार वेळा फिरतं, मधलं एखादं कडवं येतं आणि पुढचं गाणं सुरू होतं. शेवटचं कडवं कापलं जातं. गेल्या जयंतीला रात्री मी मिरवणुकीबरोबर दोन तास चाललो. वामनदादांची सहा गाणी वाजली, नाव एकदाही ऐकू आलं नाही. १५ मे २००४ ला दादा गेले. गाणी जिवंत आहेत, फक्त त्यांतून माणूस काढून टाकण्याचं काम आपल्याच हातून होतंय, आणि हे मला सहन होत नाही.

म्हणून जयंती मंडळातल्या पोरांना माझं हात जोडून सांगणं आहे. मिरवणूक चौकात थांबते तेव्हा पाच मिनिटं डीजे बंद करा. गावातला जो कुणी जुना गाणारा उरला असेल, त्याच्या हाती माईक द्या, एकच गाणं पूर्ण गाऊ द्या. मामांची वही माझ्याकडे आहे. ज्यांना शेवटची कडवी उतरवून घ्यायची असतील, त्यांनी घरी यावं.