तारप्याकडे पाठ

दोन वर्षांपूर्वी पालघर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या भिंतीवर मी आणि माझ्या ऑफिसातल्या चाळीस जणांनी मिळून वारली चित्र काढलं. त्या चित्रातले सगळे लोक स्विचबोर्डाभोवती नाचत होते.

ठरवून केलं नव्हतं. मूळ डिझाइनमध्ये मधोमध तारपा वाजवणारा होता आणि त्याच्याभोवती बायका-पुरुषांचा फेर. पण ओपीडीबाहेरच्या त्या भिंतीवर नेमका मधोमध स्विचबोर्ड निघाला. डिझाइनची फाइल माझ्याकडे होती. मी लॅपटॉपवर तारपावाल्याला उचललं, उजव्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं, फेर होता तिथेच राहू दिला आणि फाइल स्टेन्सिल कापायला पाठवून दिली. दोन मिनिटांचं काम. कंपनीच्या सीएसआरचा कार्यक्रम होता, सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट होते, ड्रोन होता, दुपारी बिर्याणी होती. चार वाजता भिंत पूर्ण झाली आणि आम्ही तिच्यासमोर उभे राहून फोटो काढले.

फोटोसाठी बाकावरची माणसं बाजूला केली होती. त्यात एक आजोबा होते, तापानं फणफणलेल्या नातवाला मांडीवर घेऊन सकाळपासून बसलेले. फोटो झाल्यावर ते परत जागेवर येऊन बसले, भिंतीकडे बराच वेळ पाहिलं आणि मला म्हणाले, "साहेब, तारप्याकडे पाठ करून कोणी नाचतं का?"

मी हसलो. मला कळलंच नव्हतं. घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं की तारपा नाचात हा साधा नियमच आहे. भोपळा, बांबू आणि ताडाचं पान यांपासून केलेलं ते लांबलचक वाद्य वाजवणारा वळेल तसा फेर वळतो, आणि नाचणारे तारप्याकडे पाठ करत नाहीत. शिवाय तो फेर बंद नसतो. साखळीला एक तोंड असतं आणि एक शेपूट. आमचा फेर मात्र गोल, बंद. सॉफ्टवेअरमध्ये वर्तुळ काढलं की ते बंदच होतं.

पण मला जास्त लागली ती दुसरी गोष्ट. आमच्या कार्यक्रमात एक 'लोकल आर्टिस्ट' होता. जवळच्याच पाड्यावरचा, माझ्याच वयाचा, लहानपणापासून चित्रं काढणारा. त्याला आम्ही भिंतीची किनार रंगवायला दिली होती. त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कारही केला. काही दिवसांनी मी त्याला फोन करून विचारलं, तुला चूक दिसली नव्हती का? तो म्हणाला, सकाळीच दिसली होती. मग बोलला का नाहीस? "डिझाइन फायनल आहे असं सांगितलं होतं ना."

हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. आमच्या धंद्यात ते रोज कोणीतरी कोणालातरी ऐकवतं. खर्चाची एक्सेल शीटही मीच केली होती, म्हणून आकडे पाठ आहेत : टी-शर्ट १४,३५० रुपये, कलाकार मानधन १,६०० रुपये, दोन दिवसांचे. शीट करताना त्या दोन ओळी एकाखाली एक होत्या आणि मला काहीही वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. नाशिकचं खासगी हॉस्पिटल, दुर्बिणीतून ऑपरेशन, दोन रात्री मुक्काम. सगळं नीट झालं. तिच्या पलंगासमोर एक मोठं फ्रेम केलेलं चित्र होतं : तळं, मावळतीचा सूर्य आणि पाण्यात एक रिकामी होडी. मला ते फार छान वाटलं होतं. शांत वगैरे. पहिल्या रात्री दोनच्या सुमारास आईनं मला उठवलं. पाणी हवंय का, दुखतंय का, सिस्टरला बोलावू का? तिनं समोर बोट दाखवलं. "त्यातला माणूस कुठे गेला असेल रे?"

भूल पुरती उतरलेली नव्हती, अंधारात फक्त त्या फ्रेमच्या काचेवर पॅसेजमधला उजेड पडत होता. मी तिची समजूत घालायचा प्रयत्न केला. शेवटी सिस्टरनंच टॉवेल आणून फ्रेमवर टाकला. तिला त्यात काही नवल वाटलेलं दिसलं नाही. आई झोपली.

ते चित्र तिथे लावणाऱ्यानं वाईट हेतूनं लावलं नसणार. पण त्यानं ते उभं राहून, दिवसाउजेडी, पोटाला टाके नसताना पाहिलं होतं. आम्हीही आमची भिंत तशीच पाहिली होती. चित्र कलादालनात असतं तेव्हा न आवडलं तर मी पुढे सरकतो. आईला सरकता येत नव्हतं, कुशीवर वळताही येत नव्हतं. दवाखान्यात चित्र लावणं म्हणजे ज्याला उठून जाता येत नाही अशा माणसाशी बोलणं आहे. त्याच्याशी काय बोलायचं याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न मला त्या टॉवेलपासून सोडेना.

इंजिनिअर माणूस, आधी आकडे शोधले. रॉजर उलरिक यांचा १९८४ साली 'सायन्स'मध्ये आलेला अभ्यास या विषयात सगळीकडे सापडतो. योगायोग असा की तोही पित्ताशयाच्या ऑपरेशनचा. पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलच्या १९७२ ते १९८१च्या नोंदींमधून त्यांनी पेशंटच्या २३ जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. तेव्हा पोट उघडून ऑपरेशन व्हायचं, मुक्काम मोठा असायचा. झाडंवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत. झाडंवाल्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली.

हा अभ्यास वाचून मला आनंद झाला आणि मग जरा शंका आली. यात चित्र कुठे आहे? ही तर खिडकी आहे. 'कलेनं रुग्ण लवकर बरे होतात' असं सांगणारी कितीतरी प्रेझेंटेशन्स या ४६ माणसांच्या खांद्यावर उभी आहेत. (आमच्या सीएसआरच्या स्लाइडवरही हेच होतं. स्लाइड मी केली नव्हती, पण वाचून मान मीही डोलावली होती.) चित्रांवरचं काम उलरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर स्वीडनमधल्या उप्साला इथे, हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटवर केलं. पाणी आणि मोकळं निसर्गदृश्य समोर असलेल्यांची धास्ती कमी होती. सरळ रेषा-चौकटींचं अमूर्त चित्र समोर असलेल्यांची मात्र समोर चित्रच नसणाऱ्यांपेक्षाही जास्त. म्हणजे चित्र नुकसानही करू शकतं. औषधासारखंच. पण औषध देताना आधी अ‍ॅलर्जी विचारतात.

माझा एक शाळेपासूनचा मित्र डॉक्टर आहे, बाँडवर एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करतोय. त्याला हे सगळं सांगितलं तर तो वैतागला. "माझ्याकडे लेबर रूममधला पंखा चार महिने बंद आहे. सर्पदंशाची लस संपली की मला फोनाफोनी करावी लागते. पोपडे आलेल्या भिंतीमुळे माझा एकही पेशंट दगावलेला नाही. तुमचे ते टी-शर्टचे पैसे मला द्या."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही पूर्ण नाही. त्या १४,३५० रुपयांत पंखे आले असते, यात वाद काय घालायचा? पण त्याचं म्हणणं मी पुढे ताणून पाहिलं. आधी पंखा, मग लस, मग रुग्णवाहिका, मग डॉक्टर, आणि सगळं झाल्यावर कधीतरी चित्र. या रांगेत चित्राचा नंबर गरिबांच्या दवाखान्यात कधीच लागणार नाही आणि नाशिकच्या खासगी हॉस्पिटलात तो पहिल्याच दिवशी लागतो. शिवाय पंखा ही 'सोय' आणि भिंत ही 'शोभा' हा फरक कोण करतं? बहुतेक उभं राहणारा माणूसच.

फिनलंडमधल्या पायमिओ इथे आल्वार आल्टो या वास्तुविशारदानं क्षयरोग्यांसाठी बांधलेली इमारत १९३३ साली पूर्ण झाली. क्षयावर चालणारं स्ट्रेप्टोमायसिन सापडायला अजून दहा वर्षं होती. ऊन, हवा आणि विश्रांती हेच औषध. आल्टोनं खोल्यांचा विचार आडव्या पडलेल्या माणसाच्या जागेवरून केला. तो दिवसभर छताकडे बघणार, म्हणून छताला डोळ्यांना निववणारा गडद हिरवा रंग. दिवा थेट डोळ्यांवर येऊ नये म्हणून नजरेच्या बाहेर. हात धुण्याच्या बेसिनचा कोन असा की पाणी पडल्याचा आवाज होऊ नये, कारण खोलीत दोन पेशंट आणि एकाची झोप दुसऱ्यामुळे मोडायची. यातलं काय सोय आणि काय कला? मला नाही सांगता येत. एवढंच दिसतं की इथे कोणीतरी आधी स्वतः आडवं पडून पाहिलं.

वारली चित्रांचंही मूळ काही शोभेचं नाही. लग्नाआधी घरातल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. काढतात नाही, लिहितात. त्यात पालघट देवी असते. तो चौक लिहिल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. म्हणजे ते चित्र तिथे काम करत असतं. सत्तरच्या दशकात जिव्या सोमा मशे यांनी लग्नविधीबाहेर, रोजच्या रोज, कागदावर चित्रं काढायला सुरुवात केली आणि पुढे ती जगभर गेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. तेव्हा वारली चित्र विधीबाहेर गेलं यात आक्षेप घ्यायचं काही नाही, ते नेणारे त्याच समाजातले होते. आमच्या भिंतीचा प्रश्न वेगळा होता. आमच्या चित्राला कामच नव्हतं. फोटोपुरतं होतं, ते चार वाजता संपलं.

मागच्या हिवाळ्यात मी एका शनिवारी परत गेलो. एकटाच, टी-शर्टशिवाय. वैद्यकीय अधिकारी मॅडमची परवानगी आधीच काढली होती. चित्रकार मित्रही आला (आता त्याला मित्र म्हणायला हरकत नसावी, तो म्हणतो की नाही ते माहीत नाही). आम्ही बाकावर बसून लोकांना विचारत राहिलो : या भिंतीवर काय असावं?

माझी तयारी फार हळवी होती. लोक जंगल म्हणतील, डोंगर म्हणतील, भाताची शेतं म्हणतील. एका मुलाला छोटा भीम हवा होता. त्याच्या आईला शंकर. एका बाईंनी चित्राचं राहू द्या, संडासाला आतून कडी लावा म्हणून सांगितलं आणि ती आम्ही त्याच दिवशी आणून बसवली. एक गरोदर मुलगी बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, एक्स-रे कुठे, रक्त कुठे हे वाचता येत नाही, दर वेळी विचारावं लागतं आणि विचारलं की ओरडतात. त्या अख्ख्या सकाळी वारली चित्र काढा असं एकही माणूस म्हणाला नाही.

मला हसू आलं, थोडी लाजही वाटली. 'स्थानिक कलाकार' म्हणताना माझ्या डोक्यात आधीपासून एक शैली होती, पांढरी आणि गेरूची. स्थानिक म्हणजे त्याच पाड्यावरून रोज ये-जा करणारा, ज्याला उद्या रांगेतली बाई रस्त्यात गाठून 'हे काय काढून ठेवलंस' असं विचारू शकेल. मला तसं विचारायला कोणी ठाण्याला येणार नव्हतं.

मित्रानं त्या गरोदर मुलीचं म्हणणं उचललं. रक्ततपासणीपर्यंत जमिनीलगत मुंग्यांची रांग, एक्स-रेपर्यंत मासे, बाळंतपणाच्या खोलीकडे कोंबडी आणि पिल्लं. मुंग्या सांगितल्या की कोणीही चालत जाईल, म्हणाला. मानधन त्यानं स्वतः सांगितलं, मी घासाघीस केली नाही. छोटा भीमही काढला, इंजेक्शनच्या खोलीत. तो चांगला जमला नाही. मुलाला चालला.

शेवटी आम्ही त्या मोठ्या भिंतीसमोर आलो. पूर्ण पुसायची तर नवा रंग, नवी मंजुरी, खाली कोपऱ्यात कंपनीचा लोगो. त्यानं जरा वेळ विचार केला. मग गेरू कालवला, फेरातल्या उजवीकडच्या दोन बायकांवर फिरवला आणि त्या जागी मोडलेल्या साखळीचं एक टोक पुढे काढत काढत कोपऱ्यातल्या तारपावाल्यापर्यंत नेलं. तो आता साखळीच्या तोंडाशी आला. स्विचबोर्ड एका बाजूला राहिला. अगदी नियमात बसतं असं नाही, पण निदान माणसं वाजवणाऱ्याच्या मागे निघाली होती.

सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन जाता जाता थांबल्या. रोजची भिंत, त्यांच्या लगेच लक्षात आलं.

"इथल्या दोन बायका कुठे गेल्या रे?"

तो ब्रश धूत होता. मान वर न करता म्हणाला, "डिस्चार्ज झाला त्यांचा."