पंचमाचं अर्धं छिद्र

पहाटेच्या ललत रागात पंचम वर्ज्य आहे. आहेत ते दोन मध्यम, आणि तेही एकमेकांच्या अंगाला अंग लावून येणारे. शुद्ध मध्यमावरून तीव्र मध्यमावर जायचं, लगेच शुद्धावर उतरायचं आणि मग गंधारावर विसावायचं. गाणाऱ्यालाही हे अवघडच, पण सनईवाल्याची परीक्षा त्याहून कडक. सनईच्या नळीला तीव्र मध्यमाचं वेगळं छिद्र नसतं. पंचमासाठी जे छिद्र उघडायचं, त्याच छिद्रावरचं बोट किंचित सरकवून हा स्वर काढावा लागतो. राग संपेपर्यंत ते छिद्र असंख्य वेळा अर्धं उघडतं, पण पूर्ण एकदाही उघडायचं नाही. बोट केसभर जास्त सरकलं की पंचम डोकावतो आणि ललत तिथंच मोडतो.

कागलकडच्या माणसाला सनई नवी नाही. लग्नाचा मांडव, नवरात्रातली देवळं, कोल्हापूरला अंबाबाईच्या दारचा चौघडा, असं ती आपल्या कानांवर लहानपणापासून पडत आलेली असते. म्हणूनच तिच्याकडे नीट लक्ष जात नाही. मंगल प्रसंगाचा आवाज एवढीच तिची ओळख आपण धरून बसतो. सकाळी गैबी चौकात गाड्यांची वर्दळ सुरू व्हायच्या आत, अजून गाव पुरतं जागं झालेलं नसताना, ललत नाहीतर भैरव ऐकावा आणि त्यातले कोमल स्वर कुठून येतात एवढंच बघावं. मला सकाळचं चिंतन म्हणून याहून चांगली गोष्ट सुचत नाही.

वाजवायला बसण्याआधी सनईवाला काय करतो, ते जवळून पाहण्यासारखं असतं. सनईच्या गळ्याला दोऱ्याने दोन-चार जादा पत्त्या लटकत असतात. त्यांतली एक काढून तो तोंडात धरतो, ओली करतो, नुसतीच फुंकून बघतो. आवाज चिरका आला तर अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये धरून हलकेच दाबतो, पुन्हा फुंकतो. मनासारखी झाली की नळीवर चढवतो. खालच्या एखाद्या छिद्रात मेण भरलेलं असतं. सूर चढा वाटला की मेण थोडं वाढवायचं, उतरला की खरवडायचं. शेजारी सूर धरणारा बसलेला असतो. त्याने एकच स्वर अखंड धरायचा. गालात हवा साठवून ती ओठांनी ढकलत असतानाच नाकाने श्वास घ्यायचा. कार्यक्रमभर कुणी त्याच्याकडे बघत नाही, पण तो थांबला तर बाकी सगळं उघडं पडेल.

छिद्र अर्धं उघडलं की नेमकं काय होतं? पूर्ण छिद्र उघडल्यावर नळीतला हवेचा स्तंभ तिथंच संपल्यासारखा होतो आणि स्वर चढतो. अर्ध्या छिद्राने तो स्तंभ धड लांब राहत नाही, धड तोकडाही होत नाही. त्यामुळे मधला स्वर मिळतो, पण तो जरा दबका आणि डळमळता असतो. त्याला सावरायला ओठांचा दाब आणि फुंकीचा जोर, दोन्ही त्याच क्षणी बदलावे लागतात. बोटाने जागा शोधायची, ओठांनी ती पक्की करायची आणि दोघांवर पहारा कानाने ठेवायचा. हे तिन्ही एकदम साधल्याशिवाय कोमल रिषभ कोमल रिषभासारखा लागत नाही.

आयर्लंडमधल्या इलन पाइप्सचा विचार करताना मला हीच सनई आठवते. तिथला वादक एका कोपराखालच्या भात्याने हवा भरतो आणि दुसऱ्या कोपराखालची पिशवी दाबून ती स्वरनळीला पुरवतो. स्वरनळीची, म्हणजे त्यांच्या चँटरची घडण साधारण आपल्या बिलावलासारखी आहे. षड्ज धरून शुद्ध स्वर चढत जातात. कोमल निषादासाठी बोटांची वेगळी जुळणी करावी लागते, आणि ती प्रत्येक चँटरची निराळी असते. पण कोमल गंधार, तीव्र मध्यम, कोमल धैवत हवे असतील तर दोनच वाटा उरतात. नळीला धातूच्या चाव्या बसवून घ्यायच्या, नाहीतर अर्ध्या छिद्रावर बोट सरकवायचं. शिवाय त्यांच्या अडचणीत एक भर आहे. पत्ती नळीच्या आत बंद असल्यामुळे तिला ओठ लागतच नाहीत. डळमळता स्वर सावरायचा तो पिशवीच्या दाबाने, आणि दाब जरा चुकला की सोबत सतत वाजणारे आधाराचे तीन सूरही हलतात. आपल्याकडे सूर धरणारा निराळा बसतो. तिथं ती जबाबदारीही वाजवणाऱ्याच्याच काखेत असते. हे वाद्य शिकायला सात वर्षं, सरावाला सात आणि मग वाजवायला सात, असं तिकडे म्हणतात. सनईवाल्यांच्या घरातला कुणीही या हिशेबाला मान डोलावेल.

चावी हा सोपा मार्ग झाला, पण तो हलका आहे असं मी म्हणणार नाही. कागलपासून फार लांब नसलेल्या सांगवड्यात 1881 साली जन्मलेल्या गोविंदराव टेंब्यांनी पेटीवर जे करून दाखवलं, ते ठाऊक असलेला माणूस चावीला नाव ठेवणार नाही. पेटीवर बाराही स्वर हाताशी तयार असतात. तरीही आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीला दार बंद केलं आणि ते पुन्हा किलकिलं व्हायला 1971 साल उजाडावं लागलं. बंदी अन्यायाचीच होती. पण त्यामागची तक्रार खोटी नव्हती. भैरवाचा आंदोलित रिषभ आणि तोडीचा रिषभ कागदावर दोघेही कोमल, पण त्यांची जागा एक नाही. पट्टी एकच असल्यामुळे ती जागा सरकत नाही. अर्ध्या छिद्रावरचं बोट मात्र सरकतं. राग बदलला की अर्धं म्हणजे किती, हेही बदलतं. सनईला स्वर तयार मिळत नाही, रोज नव्याने शोधावा लागतो, आणि मला तीच तिची श्रीमंती वाटते.

इथं एक गोष्ट मनाला लागते. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले शाहू महाराज गादीवर आले आणि त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापुरात आश्रय दिला. जयपूर-अत्रौली गायकीचं बळ त्यामुळे या मातीत रुजलं, आणि त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण तेच कोमल-तीव्र स्वर मांडवाच्या दाराशी बसून वाजवणाऱ्या घडशी, गुरव, कोरवी, मातंग घरांतल्या माणसांना आपण वाजंत्री म्हटलं, पंगत उठल्यावर जेवायला बसवलं आणि त्यांच्या विद्येला घराणं म्हणायचं सुचलंच नाही. पुण्यात शंकरराव गायकवाडांनी सनई मैफलीत आणली, सोलापूरच्या सिद्राम जाधवांनी सनईहून लहान अशी सुंद्री रसिकांपुढे मानाने वाजवली. उत्तरेत बिस्मिल्ला खाँ तर भारतरत्न झाले. तरी गावच्या सनईवाल्याकडे बघण्याची आपली नजर फारशी बदलली नाही. आता तर पुष्कळ लग्नांत सनई ध्वनिमुद्रितच लावतात. मुद्रणातला तीव्र मध्यम चुकत नाही हे खरं. पण तो बरोबर लागावा म्हणून त्या मांडवात कुणाचं बोट थरथरत नाही.

इलन पाइप्स वाजवणारे आयर्लंडमध्ये मोजकेच उरले होते, तेव्हा 1968 मध्ये वादकांनीच एकत्र येऊन संस्था उभी केली. वाद्य शिकवणं, जुनं संगीत जपणं आणि पत्त्या कशा बनवायच्या हे नव्या हातांना दाखवणं, ही तिची कामं. पुढे 2017 साली युनेस्कोने या वादनकलेला मानवजातीच्या अमूर्त वारशात जागा दिली. आपल्याकडे काही नव्याने उभं करायचीही गरज नाही. कोल्हापूरचा गायन समाज देवल क्लब 1883 पासूनचा आहे, शिवाजी विद्यापीठात संगीताचा विभाग आहे. तिथं वर्षातून एकदा, सूर्योदयाआधी, मिरवणुकीशिवाय आणि मांडवाशिवाय, नुसत्या सनईची बैठक ठेवावी. कागल, निपाणी, गडहिंग्लज भागातल्या सनईवाल्यांना बोलावावं, त्यांचं नाव पत्रिकेत ठळक छापावं, बिदागी गायकाच्या बरोबरीने द्यावी. सूर धरणाऱ्यालाही पुढं बसवावं. ललतच वाजवा, असा आग्रह मात्र त्यांना मी करणार, आणि मुलांना जवळ बसवून पंचमाच्या छिद्रावरचं बोट बघायला सांगणार.