चांगले खेळणे म्हणजे काय?



एका परिचितांच्या घरी त्यांच्या महाविद्यालयीन मुलाने आपली निर्मिती मला मोठ्या अभिमानाने दाखविली. लेगोचे शेकडो ठोकळे जोडून त्याने ‘एम-९०१’ हे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रवाहन उभे केले होते. १९७९ साली अमेरिकन सैन्यात दाखल झालेले हे वाहन टेकडीआड दडून केवळ हातोड्यासारखे डोके वर काढत असे. डोक्यात दोन क्षेपणास्त्रे सज्ज, आणखी दहा पोटात. मुलाने बोटाने ते डोके अलगद उचलले, तेव्हा माझ्याही तोंडून ‘वा!’ निघाले.

‘लेगो’ हे नाव ‘चांगले खेळा’ अशा अर्थाच्या डॅनिश शब्दांवरून पडले आहे. आधुनिक युद्धसामग्रीची हुबेहूब खेळणी काढण्याचे ही कंपनी टाळते. २०२० साली जर्मनीतील शांततावाद्यांच्या निषेधानंतर तिने एका लष्करी विमानाच्या धर्तीवरचा संच ऐन वेळी मागे घेतला. ठोकळे मात्र कोणाचा हात धरीत नाहीत.

भाषांतरकार या नात्याने मी ‘चांगले’ या शब्दाशी अडखळतो. चांगले खेळणे म्हणजे कौशल्याने खेळणे, की सद्भावाने?

खरे क्षेपणास्त्र सुटले की त्याच्यामागे बारीक तारा उलगडत जात, आणि ते आदळेपर्यंत नेमबाजाला लक्ष्यावरून नजर काढता येत नसे. ३,७५० मीटर अंतराला सुमारे २० सेकंद लागत. ज्या रणगाड्याकडे तो इतका वेळ पाहत राही, त्यात तीन-चार माणसे बसलेली असत. सैनिकाला ते सेकंद चुकविता येत नसत. खेळणाऱ्याच्या वाट्याला ते येतच नाहीत.

मग ते खेळणे मोडून टाकावे काय? मला तसे वाटत नाही. लाकडी तलवारी घेऊन खेळलेली कितीतरी मुले पुढे सज्जन माणसे झाली. दोष ठोकळ्यांत नाही. धोका इतकाच, की बारकावे अचूक साधले म्हणजे सत्य साधले, असे आपण समजू लागतो. भाषांतरातही शब्दन्‌शब्द बिनचूक उतरतो, आणि ज्याच्याविषयी ते लिहिले तो माणूसच निसटतो.

मी त्या मुलाला एवढेच विचारले, “याचे लक्ष्य कोठे आहे?”

तो म्हणाला, “ते केलेच नाही.”

वाचकहो, आपल्या घरी असे खेळणे असेल तर ते हिसकावून घेऊ नका. मुलाच्या शेजारी बसा, त्याच्या कौशल्याचे मनापासून कौतुक करा, आणि मग हाच प्रश्न विचारा. उत्तराची घाई करू नका. वीस सेकंद तरी थांबा.