यंत्रामागचा हात



काही महिन्यांपूर्वी रविवारच्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक कुटुंब आम्हांला भेटायला आले. वडिलांच्या फुप्फुसात गाठ निघाली होती आणि ती काढावी लागेल असे नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले होते. छाती उघडून, दुर्बिणीने किंवा रोबोटच्या साहाय्याने, असे तीन मार्ग त्यांच्यापुढे ठेवले होते. रोबोटचा खर्च सर्वांत जास्त. थोरल्या मुलाने विचारले, "फादर, बाबांना मशीनच्या हातात कसं द्यायचं जी? अन् दोन एकर वावर विकून तेच नाही केलं, तर पाप लागेल का?"

प्रश्न दोन आहेत आणि दोन्ही खरे आहेत. आज ते एका घराचे आहेत, उद्या कोणाच्याही घरी येतील. म्हणून त्यांचा विचार आपण सर्वांनी मिळून करू या.

प्रथम हे यंत्र म्हणजे काय ते समजून घेऊ. पूर्वी फुप्फुसावर शस्त्रक्रिया करायची तर छातीला मोठा छेद देऊन बरगड्या फाकवाव्या लागत. त्या जखमेचे दुखणे कितीतरी दिवस पुरत असे. 1910 साली स्टॉकहोमचे डॉक्टर याकोबेयस यांनी छातीच्या पोकळीत बारीक नळी घालून आत पाहण्याची पद्धत जगापुढे मांडली. पुढे क्षयरोगाच्या उपचारात ती फार उपयोगी पडली. आजची दुर्बिणीची शस्त्रक्रिया तिचीच वारसदार आहे. रोबोट ही त्यापुढची पायरी. बरगड्यांमधल्या लहान छिद्रांतून यंत्राचे हात आत जातात. सर्जन काही पावले दूर, वेगळ्या आसनावर बसून, मोठे केलेले चित्र पाहत ते हात चालवतात. सर्जनच्या बोटांचा कंप यंत्र गाळून टाकते. भूल देणारे डॉक्टर एक फुप्फुस शांत ठेवतात आणि रुग्ण दुसऱ्यावर श्वास घेतो. रक्तस्राव आवरेना, तर छाती उघडण्यासाठी माणसे टेबलापाशी उभी असतात. 7 सप्टेंबर 2001 रोजी तर डॉ. मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथील एका महिलेचे पित्ताशय काढले. मध्ये अख्खा महासागर होता.

मग त्या महिलेला बरे कोणी केले, यंत्राने की माणसाने?

संत थॉमस अक्वायनस यांनी साधनाचा विचार फार सोप्या दाखल्याने मांडला आहे. कुऱ्हाड आपल्या धारेने लाकूड तोडते, तोडणे हा तिचा गुण. पण त्या लाकडाचा पलंग होतो तो सुताराच्या विद्येमुळे. पलंग बिघडला तर कोणी कुऱ्हाडीला जाब विचारत नाही. रोबोटचेही तसेच. तो कंप गाळतो, अरुंद जागेत मनगट वळवतो, हे त्याचे गुण. कुठे कापायचे, कुठे थांबायचे, हे सर्जन ठरवतात. म्हणून जाबही त्यांनाच. "मशीनने केले" असे म्हणून कोणालाही हात झटकता येणार नाहीत.

येथे कफर्णहूमचा शताधिपती आठवतो. त्याचा सेवक घरी आजारी होता. प्रभू येशू यायला निघाले, तर आपले छप्पर त्या योग्यतेचे नाही आणि एक शब्द पुरे आहे असे तो म्हणाला. त्याची नम्रता आपण दर मिस्सात ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी उच्चारतो. पण त्याने दिलेले कारण आपण सहसा विसरतो. तो शिपाईगडी होता. ज्याला अधिकार आहे त्याचा हुकूम दूरवर पोहोचतो, हे त्याला रोजच्या कामातून ठाऊक होते. प्रभूने त्या सेवकाला स्पर्श केला नाही, पाहिलेही नाही, तरी तो बरा झाला. अंतर हा बरे करण्यातला अडथळा नव्हे. अर्थात सर्जन म्हणजे प्रभू नव्हेत. पण दूर बसलेला माणूस आपोआप निष्काळजी ठरत नाही, एवढे या प्रसंगातून नक्की कळते.

आपल्या सेवाग्रामात पुढे राहायला आलेल्या गांधीजींची एक गोष्ट आहे. 1909 साली 'हिंद स्वराज्य'मध्ये त्यांनी डॉक्टर आणि इस्पितळे यांच्यावर कडक टीका केली होती. तेच गांधीजी येरवड्याचे कैदी असताना 12 जानेवारी 1924 च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी टेबलावर होते. त्यांनी संमतीच्या कागदावर सही करून कर्नल मॅडॉक यांच्यावर विश्वास दाखवला होता. ऐन शस्त्रक्रियेत विजेचा दिवा गेला. कंदिलाच्या उजेडात कर्नलांनी काम पुरे केले. दिवा गेला, पण जबाबदारी घेतलेला माणूस जागचा हलला नाही. विश्वास ठेवायचा असतो तो अशा माणसावर.

आता वावराचा प्रश्न. 24 नोव्हेंबर 1957 रोजी पोप पायस बारावे यांनी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना ख्रिस्तसभेची जुनी शिकवण स्पष्ट केली. जीव राखण्यासाठी सामान्य उपाय करणे हे आपले कर्तव्य आहे. स्वतःवर किंवा दुसऱ्यावर फार मोठा भार टाकणारे उपाय करण्याची सक्ती नाही. भार किती, हे माणूस, स्थळ आणि काळ पाहून ठरते. मुंबईच्या कारखानदाराला जे सहज जमते तेच दोन एकर कपाशीवर जगणाऱ्या घराला उद्ध्वस्त करू शकते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेपेक्षा रोबोटने आयुष्य वाढते असे काही ठामपणे सिद्ध झालेले नाही. तेव्हा सर्वांत महाग उपाय केला नाही म्हणून पाप लागत नाही. परवडण्याजोगा आणि गुणकारी उपाय असताना वडिलांना तसेच घरी पडू देणे, हे मात्र चुकीचे ठरेल.

आम्ही त्या मुलाला तीन प्रश्न लिहून दिले. बाबांच्या गाठीसाठी रोबोटचा नेमका जास्तीचा फायदा काय? ही शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः किती वेळा केली आहे? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते? हे विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. चांगले डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाहीत. त्या डॉक्टरांनी शांतपणे उत्तरे दिली आणि साध्या दुर्बिणीनेही काम होईल असे स्वतःच सांगितले. शस्त्रक्रिया झाली. थोडे कर्ज झाले, पण वावर राहिले.

शेवटी एक गोष्ट आपल्यासाठी. सेवाग्रामात गांधीजी कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींना स्वतःच्या हातांनी मालीश करीत. आजाऱ्यांच्या संस्कारात आम्ही रुग्णाच्या कपाळाला आणि तळहातांना पवित्र तेल लावतो. ही कामे दूर बसून होत नाहीत. ते वडील घरी आल्यावर आम्ही भेटायला गेलो. ते म्हणाले, "फादर, ऑपरेशनचं काही आठवत नाही. पण रात्री जाग आली तेव्हा पोरानं हात धरला होता, तेवढं आठवते."

सर्जनने आपले काम दुरून केले तरी चालेल. आपले काम मात्र जवळ जाऊनच करायचे आहे. या आठवड्यात आपल्या आळीत कोण आजारी आहे ते पाहा आणि त्यांच्या खाटेपाशी थोडा वेळ बसा. डॉक्टरांसाठी, परिचारिकांसाठी आणि सर्व रुग्णांसाठी प्रार्थना करा. स्वतः वैद्य असलेले संत लूक आपणां सर्वांसाठी विनंती करोत.

प्रभूचा आशीर्वाद तुम्हांवर राहो.

आपले धर्मगुरू