पाडलंत ना? मग करा!

१७ एप्रिल १९९९ च्या शनिवारी वाजपेयींचं सरकार एका मतानं पडलं, तेव्हा मी मुलुंडला आमच्या दिवाणखाना-कम-जेवणघर-कम-मुलाच्या अभ्यासाच्या खोलीत टीव्हीसमोर उभा होतो. उभा अशासाठी, की बसून देशाची काळजी करणं मला जमत नाही. बाजूनं २६९, विरोधात २७०. मी कपाळावर हात मारला आणि गरजलो, ‘‘अहो, पण पाडलंत ते ठीक, आता चालवणार कोण? ठरवलंय का काही?’’

ही समोर बसून कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘फेब्रुवारीत नानांनीही हेच विचारलं होतं.’’

मी टीव्ही बंद केला.

नाना म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. म्हणजे होते. चोवीस बिऱ्हाडांचा कारभार त्यांनी नऊ वर्षं एकहाती केला. पैशाला चोख, स्वभावाला तिखट. नोटीस बोर्डावर लाल शाईनं लिहायची त्यांना भारी हौस. ‘जिन्यात चपला ठेवणाऱ्या सदनिकाधारकाने आपले घर चपलांचे दुकान आहे काय ते कळवावे,’ अशी एक नोटीस आमच्या चपलांना उद्देशून होती. तळमजल्याला नानांनी पार्किंगची जागा दिली नव्हती, वरच्या मजल्याची गळती थांबली नव्हती, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना त्यांनी गच्चीत पापड वाळवू दिले नव्हते. पार्किंगवाल्यांना गळतीचं सोयरसुतक नव्हतं आणि काकूंच्या पापडांशी कुणालाच देणंघेणं नव्हतं. तरी नाना जावेत यावर आमचं एकमत झालं. या एकमताला दिल्लीत आघाडी म्हणतात. आम्ही त्याला ‘जरा बसून बोलू या’ म्हणायचो.

खास सभा भरली, गच्चीवर. एकवीस जण हजर. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या पडल्या. अकरा विरुद्ध दहा! नानांनी डब्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘बरं. आता कोण करणार?’’ एकवीस माणसं एकदम पाण्याच्या टाकीकडे बघू लागली. कुणाला रात्रपाळी होती, कुणाची मुलगी दहावीला होती, कुणाचा रक्तदाब तेवढ्यातच वाढला. मी माझ्या पाठदुखीचा उल्लेख केला. नानांनी पंपाच्या खोलीच्या किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला, तो तिथून उचलायला कुणी पुढे झालं नाही. ‘नवी व्यवस्था होईपर्यंत’ तो पुन्हा त्यांनाच घ्यावा लागला. एप्रिल उजाडला तरी नवी व्यवस्था झालेली नव्हती.

तर त्या शनिवारी दिल्लीच्या विरोधी पक्षांना मी जे विचारत होतो, ते विचारायचा मला अधिकार होता का, हा प्रश्न. रात्री झोप लागेना. झोप न लागली की मी इतिहासात शिरतो.

या बाबतीत महाराष्ट्राचा हात फार जुना आहे. जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला तो आपल्या यशवंतराव चव्हाणांनी. त्या वेळी आम्ही उपनगरवाले तर सगळेच सरकार पक्षाचे. १९७७ साली उत्तर मुंबईतून मृणाल गोरे, वायव्येतून राम जेठमलानी आणि आमच्या ईशान्येतून सुब्रमण्यम स्वामी, तिघेही जनता पक्षाचे. ठराव आला आणि सरकार समोरच्या बाकांनी नव्हे, स्वतःच्याच बाकांनी सोडलं. जॉर्ज फर्नांडिसांनी लोकसभेत सरकारचा जोरदार बचाव केला आणि थोड्याच दिवसांत त्याच सरकारचा राजीनामा दिला. मतदानाची वेळच आली नाही. १५ जुलैला मोरारजींनी राजीनामा दिला. मग राष्ट्रपती संजीव रेड्डींनी आधी चव्हाणांनाच बोलावलं. पाडलंत ना? मग करा! चव्हाणांनी प्रयत्न केला, आकडा जमेना, तेव्हा त्यांनी तसं कळवून टाकलं. पुढे चरणसिंग पंतप्रधान झाले, चव्हाण उपपंतप्रधान. बाहेरून टेकू इंदिराबाईंच्या काँग्रेसचा. तो ऑगस्टमध्ये निघाला आणि चरणसिंगांनी पंतप्रधान म्हणून लोकसभेला तोंडही न दाखवता २० ऑगस्टला राजीनामा दिला. जानेवारी १९८० मध्ये निवडणुका झाल्या आणि इंदिराबाई परत आल्या. ज्या जनतेनं १९७७ साली एवढ्या हौसेनं सरकार बदललं होतं, तिच्या हातात अडीच-तीन वर्षांनी काय राहिलं, याचा हिशेब माझ्यानं अजून जमत नाही.

आमचे स्वामी मात्र १९८० सालीही निवडून आले आणि १९९९ च्या मार्चमध्ये, मदुराईचे खासदार असताना, दिल्लीत त्यांनी एक चहापान ठेवलं. सोनिया गांधी आणि जयललिता त्या चहाला आल्या. पुढे एप्रिलमध्ये जयललितांनी पाठिंबा काढला. आमच्या सोसायटीच्या सभेतही चहा होता. चहा या पेयाचा राजकारणशास्त्रात कुणी नीट अभ्यास केलेला दिसत नाही.

गंमत म्हणजे १९९९ च्या मतदानात उपनगरांतही फूट होती. बोरिवलीकडचे राम नाईक खुद्द मंत्री, अंधेरीकडचे मधुकर सरपोतदार शिवसेनेचे, आणि आमच्या मुलुंड-घाटकोपरचे गुरुदास कामत काँग्रेसचे. म्हणजे पश्चिम रेल्वे सरकारच्या बाजूनं आणि मध्य रेल्वे विरोधात. मध्य रेल्वेनं रोज जाणाऱ्याला याचं आश्चर्य वाटणार नाही.

जर्मनांनी यावर तोड काढली आहे. त्यांच्या १९४९ च्या राज्यघटनेप्रमाणे चॅन्सेलरला नुसतं पाडता येत नाही. त्याच ठरावानं पुढचा निवडून द्यावा लागतो. १९८२ मध्ये श्मिट गेले आणि कोल आले ते असे. मला रात्री दोन वाजता ही योजना फार पसंत पडली. अडीच वाजता शंका आली. समजा, सत्तेवरचा माणूस खरोखरच वाईट आहे, आणि विरोधकांत पुढच्या नावावर एकमत होत नाही. मग काय त्याला तसाच बसू द्यायचा? जो मला पटत नाही, त्याच्या बाजूनं हात वर करायचा, का तर बदली माणूस तयार नाही? दात किडला तर कवळी तयार नाही म्हणून कुणी ठणकत बसत नाही. ‘विश्वास आहे का?’ असा प्रश्न असेल तर ‘नाही’ हे उत्तर आपल्या जागी पुरं आहे. त्या दोनशे सत्तरांना तेवढंच विचारलं होतं.

असं स्वतःला बजावून मी कूस वळलो. पण मला नानांवर विश्वास नव्हता का? होता. नऊ वर्षांत हिशेबात एका रुपयाचा घोळ नाही. मला राग होता तो चपलांच्या नोटिशीचा. चिठ्ठीवर मात्र रागाचा रकाना नसतो. ‘हो’ किंवा ‘नाही’, एवढंच. आणि अकरातली एक चिठ्ठी माझी होती, हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. हिलासुद्धा. तिला ते ठाऊक होतं, ही गोष्ट वेगळी.

पावणेपाचला खाली पंपाचा आवाज झाला. आमच्याकडे पाणी पहाटे येतं, खालच्या टाकीतून वर चढवावं लागतं. दोन महिने मी हा आवाज ऐकत होतो आणि पांघरूण वर ओढत होतो. त्या रविवारी उठलो, चपला घातल्या (त्या आता घरात असतात) आणि खाली गेलो.

नाना पंपाच्या खोलीत स्टुलावर बसले होते, अंगात बंडी, गळ्यात मफलर. मला पाहून म्हणाले, ‘‘काय हो? पाणी नाही का वर?’’

‘‘आहे.’’

‘‘मग?’’

‘‘काल सरकार पडलं,’’ मी म्हणालो.

‘‘पाहिलं. आता मतदान होईतो वाजपेयीच बघणार. काळजीवाहू.’’ ते पंपाकडे बघत राहिले. ‘‘शब्द चांगला आहे.’’

मी घसा साफ केला. ‘‘नाना, फेब्रुवारीतली ती चिठ्ठी...’’

‘‘तुमचं अक्षर मला नऊ वर्षांच्या चेकवरून माहीत आहे,’’ नाना म्हणाले. ‘‘त्यात ‘नाही’ला दोन रेघा मारायची काही गरज नव्हती.’’

पंपाचा सूर बदलला. त्यांनी उठून खटका बंद केला, वर कान देऊन टाकी भरल्याची खात्री केली आणि कुलूप लावलं. मग जुडग्यातून एक किल्ली सोडवून माझ्या हातावर ठेवली.

‘‘उद्या पावणेपाच,’’ ते म्हणाले. ‘‘आणि आधी हवा काढायची, नाहीतर पंप नुसताच ओरडतो.’’